हायरम बर्डन : पुंगळीतली ऐरण

पिस्तूल झाडले की गोळी लक्ष्याकडे जाते आणि पितळेची रिकामी पुंगळी नेमबाजाच्या पायाशी पडते. गुन्ह्यांच्या बातम्यांमुळे पुंगळी हा शब्द मराठी वाचकाच्या चांगला परिचयाचा झाला आहे. पंचनाम्याबाहेरही तिला एक आयुष्य असते, हे मात्र फारसे कुणाला ठाऊक नसते. अमेरिकेतील हौशी नेमबाज या पुंगळ्या वेचून घरी नेतात, त्यांत नवी टोपी, नवी दारू आणि नवी गोळी बसवतात आणि तीच पुंगळी पुनःपुन्हा वापरतात. वेचलेल्या पुंगळीच्या तोंडातून ते आधी आत डोकावतात. तळाशी मधोमध एकच छिद्र दिसले तर ती ठेवून घ्यायची. दोन बारीक छिद्रे दिसली तर बहुतेक जण ती मोडीच्या डब्यात टाकतात.

दोन छिद्रांच्या या पुंगळीला हायरम बर्डन या अमेरिकन माणसाचे नाव आहे. एका छिद्राची पद्धत एडवर्ड बॉक्सर या इंग्रज सैनिकी अधिकाऱ्याच्या नावाने ओळखली जाते. दोघांची पेटंटे एकाच वर्षातली, १८६६ मधली. पुढे इतिहासाने अशी काही फिरवाफिरव केली, की इंग्रजाची पद्धत अमेरिकेने आपली मानली आणि अमेरिकनाची पद्धत युरोपातल्या सैन्यांनी उचलली. स्वतःच्या देशात ज्याच्या नावाची पुंगळी मोडीत जाते, तो हा बर्डन आपल्या काळात साधासुधा माणूस नव्हता. संशोधक, देशातला अव्वल नेमबाज, सेनानी, व्यापारी आणि अखेरीस आपल्याच सरकारविरुद्ध न्यायालयात उभा राहिलेला दावेदार, अशी अनेक रूपे त्याच्या एका आयुष्यात सामावली होती.

बर्डनचा जन्म ६ सप्टेंबर १८२४ रोजी न्यूयॉर्क राज्यातील फेल्प्स या गावी झाला. तो लहान असतानाच कुटुंब मिशिगनला स्थलांतरित झाले. शिक्षणासाठी तो पुन्हा न्यूयॉर्क राज्यात आला, यंत्रविद्येत रमला आणि पुढे न्यूयॉर्क शहरात यंत्र-अभियंता म्हणून त्याने नाव कमावले. पीक कापण्याचे यंत्र, यंत्राने पाव भाजणारी बेकरी असे एकामागून एक उद्योग त्याने केले. त्यांतला सर्वांत टिकाऊ ठरला तो सोन्याच्या खाणीतला. कललेल्या, गरगर फिरणाऱ्या लोखंडी पात्रात खनिज दगडाचा चुरा, पाणी आणि पारा घालायचा. आतला जड गोळा चुरा दळत राहतो आणि मोकळे झालेले सोन्याचे कण पारा स्वतःत ओढून घेतो. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातील खाणींत या पात्राला ‘बर्डन’ असेच म्हणत, आणि तिथल्या जुन्या खाणगावांत ती आजही जपून ठेवलेली आढळतात. पारा सोन्याला कसा गिळतो, हे ज्या माणसाने व्यवसाय म्हणून पाहिले, त्याच्याच काडतुसांच्या पितळेला पुढे पाऱ्याने ग्रासावे, हा योगायोग विलक्षण आहे. त्याकडे पुढे येऊच.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेव्हा बर्डन देशातील उत्तम नेमबाजांत गणला जात होता. निवडक नेमबाजांच्या स्वतंत्र पलटणी उभारण्याची कल्पना त्याने सरकारच्या गळी उतरवली. भरतीची कसोटी कडक होती. २०० यार्डांवरून दहा गोळ्या झाडायच्या आणि त्यांचे लक्ष्यमध्यापासूनचे सरासरी अंतर पाच इंचांच्या आत राहिले पाहिजे. हिरव्या गणवेशातल्या या दोन पलटणी लवकरच प्रसिद्ध झाल्या. वॉशिंग्टनजवळच्या त्यांच्या छावणीत खुद्द राष्ट्राध्यक्ष लिंकन नेमबाजी पाहण्यासाठी आले होते. बर्डनला आपल्या माणसांसाठी पाठीमागून भरायची शार्प्स रायफल हवी होती. शस्त्रास्त्र खात्याचे प्रमुख जनरल रिप्ले यांचा अशा बंदुकांना विरोध होता. झटपट भरता येणारी बंदूक हाती आली की शिपाई दारूगोळा उधळतील, अशी त्या काळच्या अधिकाऱ्यांना धास्ती असे. बरीच ओढाताण झाल्यावर १८६२ मध्ये शार्प्स मिळाल्या.

सेनानी म्हणून मात्र बर्डनची कीर्ती निष्कलंक नाही. त्याच्या हाताखालचे आणि बरोबरीचे अनेक अधिकारी त्याला प्रत्यक्ष लढाईत नेतृत्व करण्यास अपात्र मानत. २ जुलै १८६३ रोजी गेटिसबर्गच्या रणांगणावर सुमारे १०० नेमबाज आणि मेन राज्याचे सुमारे २०० पायदळ सैनिक घेऊन त्याने पिट्झरच्या रानात शत्रूचा माग काढला आणि तिथे कडवी चकमक झाली. या चकमकीने शत्रूचा मुख्य हल्ला लांबला आणि लढाईचे पारडे फिरले, असे त्याचे समर्थक सांगत आले. इतिहासकारांचे त्यावर एकमत नाही. पलटणी उभारण्याचे श्रेय त्याचेच, पण त्या लढवण्याचे श्रेय त्याच्या दुय्यम अधिकाऱ्यांकडे अधिक जाते, असा निवाडा आज बहुधा मान्य व्हावा. २ जानेवारी १८६४ रोजी त्याने राजीनामा दिला. वयाची चाळिशी अजून गाठायची होती, आणि खरे नाव मिळवून देणारे काम पुढेच होते.

त्या युद्धात धातूची काडतुसे आली होती, पण त्यांतील बहुतेकांत स्फोटक मिश्रण तळाच्या कडेत भरलेले असे. घोडा कडेवर आदळला की कड चेपायची आणि पुंगळी कायमची निकामी व्हायची. शिवाय कड चेपली जावी म्हणून धातू पातळ ठेवावा लागे, आणि पातळ धातू जास्त दारूचा दाब सोसू शकत नसे. मग तळ जाड करून, मध्यभागी एक खळगा ठेवून त्यात स्वतंत्र टोपी बसवावी, या दिशेने अनेक डोकी चालू लागली. बर्डनचे पेटंट २० मार्च १८६६ चे आहे आणि बॉक्सरचे इंग्लंडमधील पेटंट १३ ऑक्टोबर १८६६ चे. अमेरिकेत बॉक्सरला पेटंट मिळाले ते १८६९ मध्ये.

दोघांतला फरक कळायला लोहाराचे दुकान डोळ्यांपुढे आणावे. हातोड्याचा घाव वाया जायचा नसेल तर खाली ऐरण हवी. टोपीतले स्फोटक पेटायचे तर तेही घोड्याच्या टोच्यात आणि कुठल्या तरी कठीण टोकात चिरडले गेले पाहिजे. बर्डनने ही ऐरण पुंगळीच्या तळातच घडवली. टोपीच्या खळग्याच्या मध्यभागी पितळेचा एक लहानसा उंचवटा, आणि ज्वाला आत जावी म्हणून त्याच्या बाजूंना दोन बारीक छिद्रे. टोपी त्यामुळे अगदी साधी झाली. नुसती वाटी आणि तिच्यात स्फोटक. बॉक्सरने ऐरण पुंगळीतून काढून टोपीत बसवली. टोपी थोडी किचकट झाली, पण पुंगळीचा तळ सुटसुटीत झाला. तिथे मधोमध एक छिद्र पुरे.

कारखानदाराच्या दृष्टीने बर्डनची रीत सरस होती. टोपी स्वस्त आणि ऐरण पक्की जागेवर. ज्या सैन्याला लक्षावधी काडतुसे एकदाच उडवायची असतात, त्याला आणखी काय हवे? पण पुंगळी दुसऱ्यांदा भरायची म्हटले की हिशेब उलटतो. बॉक्सरच्या पुंगळीत तोंडातून सरळ खाली एक पिन घातली की ती मधल्या छिद्रातून जाऊन जुनी टोपी ढकलून देते. साच्यातून काढण्याच्या एकाच हालचालीत पुंगळी मूळ मापाला येते आणि टोपीही निघते. बर्डनच्या पुंगळीत तीच पिन मधल्या ऐरणीवर आदळते आणि वाकते, नाही तर मोडते. टोपी काढायची तर बाहेरून टोच्याने उचकटावी लागते किंवा पुंगळीत पाणी भरून दट्ट्याने दाब द्यावा लागतो. हे अशक्य नाही. अमेरिकेच्या गवताळ मैदानांवर रेड्यांची शिकार करणाऱ्यांनी बर्डन पद्धतीच्या पुंगळ्याही शेकोटीपाशी बसून भरल्या आहेत. पण ते वेळखाऊ काम आहे आणि टोच्याचा हात जरा चुकला तर ऐरणच बोथट होते.

बॉक्सरच्याही सगळ्या कल्पना तगल्या, असे नाही. वुलिचच्या सरकारी प्रयोगशाळेचा अधीक्षक असताना त्याने स्नायडर बंदुकीसाठी केलेली पुंगळी पातळ पितळी पत्रा गुंडाळून बनवलेली होती. तिला सहज पोचे पडत. त्याच धर्तीची मार्टिनी-हेन्रीची काडतुसे १८८४-८५ च्या सुदान मोहिमेत बंदुकीत अडकू लागली, तेव्हा ब्रिटिशांनी एकसंध ओढीव पितळेकडे मोर्चा वळवला. बर्डन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आरंभापासूनच एकसंध पुंगळीची वाट धरली होती. कनेक्टिकट राज्यातील ब्रिजपोर्टच्या ज्या युनियन मेटॅलिक कार्ट्रिज कंपनीत ती बनत, तिथला कारभार आल्फ्रेड हॉब्ज पाहत असे. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनाच्या वेळी इंग्रजांची अभेद्य म्हणवली जाणारी कुलुपे उघडून दाखवणारा हॉब्ज तो हाच! आजची पुंगळी म्हणजे एका अर्थी या दोन घराण्यांचा संकर आहे. अंग बर्डनच्या परंपरेतले, आणि अमेरिकेत तरी टोपी बॉक्सरची.

हे अंग इतके चिवट कसे, हा प्रश्न धातूशास्त्राचा आहे. काडतुसाच्या पितळेत साधारण ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असते. पितळेची चकती साच्यातून ओढत ओढत तिची नळी करतात. दर खेपेला धातू कठीण होतो, म्हणून मधूनमधून तो तापवून मऊ करावा लागतो. पुण्याच्या तांबट आळीतल्या कारागिरांना हे वेगळे सांगायला नको. ठोक्याने कडक झालेले भांडे पुन्हा भट्टीत घातल्याशिवाय पुढे वळत नाही. तयार पुंगळीचा तळ कठीण आणि तोंड मऊ ठेवतात. बार उडताच ती क्षणार्धात फुगून बंदुकीच्या कोठीला घट्ट चिकटते, वायू मागे येऊ देत नाही, आणि दाब ओसरताच किंचित आकसून मोकळी होते. तांब्याला ही लवचिकता नसते. जून १८७६ मध्ये लिटल बिगहॉर्न येथे कर्नल कस्टरच्या तुकडीचा संहार झाला, त्यानंतर तांब्याच्या पुंगळ्या कार्बाइनमध्ये अडकल्याची तक्रार झाली. १९८० च्या दशकात त्या रणभूमीवर उत्खनन झाले, तेव्हा उचकटल्याच्या खुणा थोड्याच पुंगळ्यांवर सापडल्या. म्हणजे पराभवाचे सगळे खापर तांब्यावर फोडता येत नाही; पण तक्रार अगदीच निराधारही नव्हती.

पिस्तुलाच्या पुंगळीचे आयुष्य रायफलच्या पुंगळीपेक्षा कितीतरी मोठे असते. कारण दाब कमी. अमेरिकी मानकांनुसार .४५ पिस्तुलाच्या काडतुसातील कमाल दाब दर चौरस इंचाला २१,००० पौंड, नऊ मिलिमीटरचा ३५,०००. रायफलचा ५०,००० च्याही पुढे जातो. रायफलची मान असलेली लांब पुंगळी दर बाराला थोडी लांबते आणि तळाच्या जरा वर आतून झिजते. तिथे बाहेरून चमकदार वळे दिसू लागले की पुढच्या बाराला ती दोन तुकडे होण्याचा धोका असतो. पिस्तुलाची आखूड, सरळ पुंगळी क्वचितच लांबते. तिचा अंत बहुधा तोंडाशी होतो. दर भरणीला तोंड आवळायचे, गोळी बसवण्यासाठी किंचित पसरायचे, पुन्हा दाबून बंद करायचे. या वाकवण्याने पितळ कडक होत जाते आणि एके दिवशी कडेला केसासारखी चीर पडते. किंवा टोपीचा खळगा सैल होऊन नवी टोपी त्यात घट्ट बसेनाशी होते. मूठभर पुंगळ्या हातात खुळखुळवल्या तर चिरलेलीचा आवाज वेगळा, पत्र्यासारखा येतो, हे जुन्या जाणत्यांना ठाऊक असते. मडके वाजवून घेण्याचीच ही रीत. सौम्य दारू वापरली तर .३८ किंवा .४५ ची चांगली पुंगळी अनेकदा भरता येते, आणि तोंडाची लहान चीर सहसा घातही करत नाही. तळाशी मात्र चीर, फुगवटा किंवा काळवंडलेली वायूगळती दिसली की तिथे दयामाया नसते.

आता पाऱ्याविषयी. एकोणिसाव्या शतकातल्या टोप्यांत पाऱ्याचे फल्मिनेट असे. ते उडाले की मोकळा झालेला पारा पितळेत शिरे आणि धातू ठिसूळ करून टाकी. काळ्या दारूची काजळी दाट असल्यामुळे पितळेचे काहीसे रक्षण होई. शतकाच्या अखेरीस धूरविरहित दारू आली आणि हे कवच गेले. वरून नवी दिसणारी पुंगळी दुसऱ्याच भरणीला फुटू लागली. अमेरिकी सैन्याने मग पारा नसलेल्या टोप्यांचा अवलंब केला.

पितळेचा आणखी एक रोग हिंदुस्थानात उघडकीला आला. इथल्या ब्रिटिश सैन्याची काडतुसे पावसाळ्यात, एकही बार न उडता, साठवणीतच चिरत. घोड्यांच्या पागांजवळ ठेवलेल्या मालात हे अधिक होई. १८६९ पासून खडकीला काडतुसांचा कारखाना चालू होता, तेव्हा या देशात हा प्रश्न काही परका नव्हता. इंग्रजीत या दुखण्याला ऋतूचेच नाव पडले. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी १९२१ मध्ये त्याचा उलगडा केला. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, हवेतला ओलावा आणि ओढताना पितळेत कोंडून राहिलेला ताण, हे तिन्ही एकत्र आले की धातू उकलतो. पुंगळी मंद आचेवर तापवून तो ताण उतरवला की चिरणे थांबते. अमोनिया असलेल्या पातळ पदार्थाने पितळ चकचकीत करू नये, हा पुंगळ्या भरणाऱ्यांचा आजचा दंडक याच अनुभवातून आला आहे. भारतात मात्र काडतूस तयार करणे हे परवान्याचे काम आहे. घरी पुंगळ्या भरण्याचा अमेरिकी छंद इथे रुजला नाही.

बर्डनला खरा आश्रय दिला रशियाने. चांगल्या बंदुकीच्या शोधात कर्नल अलेक्झांडर गोर्लोव आणि कार्ल गुनियस हे दोन रशियन अधिकारी अमेरिकेत आले होते. १८६८ मध्ये रशियाने बर्डनची पहिली रायफल स्वीकारली आणि हार्टफर्डच्या कोल्ट कारखान्याने सुमारे तीस हजार नग बनवले. १८७० च्या दुसऱ्या नमुन्यात खटक्याची, मागेपुढे सरकणारी कळ होती. सुरुवातीचा माल बर्मिंगहॅमहून आला, नंतर तुला, इझेव्स्क आणि सेस्त्रोरेत्स्क येथे तिचे उत्पादन तीस लाखांहून अधिक झाले. मानेची पितळी पुंगळी आणि बर्डनची टोपी हे तिचे काडतूस. १८९१ मध्ये मोसिनची रायफल आली आणि ‘बर्दांका’ शिकाऱ्यांच्या हाती गेली. अकिरा कुरोसावाचा १९७५ चा ‘देरसू उझाला’ हा चित्रपट ज्या व्लादिमीर आर्सेन्येवच्या पुस्तकावरून निघाला, त्यातला सैबेरियाच्या रानातला वृद्ध शिकारी हीच बंदूक बाळगतो. दुकान शेकडो मैल दूर असलेल्या अशा माणसांसाठी रिकामी पुंगळी ही काही फेकायची वस्तू नव्हती. टोपी उचकटण्याचे कष्ट त्यांना परवडत. नवे काडतूस परवडत नसे. अमेरिकन नेमबाज जिला आज मोडीत टाकतो, ती पुंगळी तिथे जपून वापरली जाई.

स्वदेशात वेगळेच घडत होते. अमेरिकेच्या फ्रँकफर्ड शस्त्रागाराने १८७० च्या दशकात कर्नल स्टीफन बेने याच्या पद्धतीची तांब्याची काडतुसे बनवली. त्यांत स्फोटक आतून दाबून बसवलेले असे. सैन्याच्या .४५ रिव्हॉल्वरचीही काडतुसे त्याच धर्तीची होती. ती पुन्हा भरण्याचा प्रश्नच नव्हता. पण शिपायांना नेमबाजीचा सराव द्यायचा तर काडतुसांचा खर्च आवाक्यात हवा, आणि छावणीतच ती भरता आली तर उत्तम, हे सैन्याला पटत गेले. १८८२ मध्ये बाहेरून टोपी बसणारी, भक्कम तळाची, पुन्हा भरता येण्याजोगी पुंगळी स्वीकारली गेली. ती बॉक्सरच्या पद्धतीची होती. ज्या देशात बर्डनने पेटंट घेतले, त्या देशाच्या सैन्याने निवड करताना इंग्रजाची ऐरण उचलली.

बर्डनचे सरकारशी भांडण मात्र बंदुकीवरून होते. सैन्याच्या स्प्रिंगफील्ड रायफलमध्ये पाठीमागून भरण्याची जी यंत्रणा होती, तिच्यात आपल्या पेटंटांचा विनामोबदला वापर झाला, असा त्याचा दावा होता. खटला बर्डन कंपनीच्या नावाने वर्षानुवर्षे चालला. मधला काळ त्याने बराचसा परदेशी काढला. त्याची कन्या एलिझाबेथ हिचा विवाह १८८४ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला कादंबरीकार फ्रान्सिस मॅरियन क्रॉफर्ड याच्याशी झाला. हा जावई हिंदुस्थानात राहून गेलेला होता. संस्कृतचा अभ्यासक म्हणून इकडे आलेल्या क्रॉफर्डने अलाहाबादेत ‘इंडियन हेरल्ड’ हे वर्तमानपत्र चालवले होते, आणि त्याला कीर्ती देणारी १८८२ ची ‘मिस्टर आयझॅक्स’ ही कादंबरी सिमल्यात घडते. बंदुका आणि काडतुसांत आयुष्य घालवलेल्या सासऱ्याचे या साहित्यिक जावयाशी कसे जमत असेल, याचे कुतूहल वाटल्यावाचून राहत नाही.

उतारवयातही बर्डन स्वस्थ बसला नाही. अंतर मोजण्याचे उपकरण, पाणतीराची नाव अशा कल्पनांत तो गुंतलेला असे. ३१ मार्च १८९३ रोजी वॉशिंग्टनमध्ये त्याचा मृत्यू झाला आणि आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय स्मशानभूमीत त्याला मूठमाती देण्यात आली. खटल्यात कंपनीला भरपाई देणारा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कायम केला तो १८९५ मध्ये. तोवर वादातली स्प्रिंगफील्डच सैन्यातून निघू लागली होती. तिची जागा घेणाऱ्या क्राग रायफलच्या काडतुसात तळाशी एकच छिद्र होते.